बाउंडरी लेयर : पंख्यापासून पाटापर्यंत

मागच्या उन्हाळी परीक्षेत फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवामध्ये माझी जी फजिती झाली, ती आता अख्ख्या होस्टेलला माहीत आहे. तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही. बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बाउंडरी लेयर म्हणजे काय?" मी मनात म्हटलं, चला, नशीब उघडलं! रात्री दोन वाजेपर्यंत हेच तर घोकलं होतं. एका दमात सांगून टाकलं, "सर, पृष्ठभागाजवळच्या ज्या पातळ थरात प्रवाहाचा वेग शून्यापासून मुक्त प्रवाहाच्या ९९ टक्क्यांपर्यंत वाढतो, त्या थराला बाउंडरी लेयर म्हणतात."

सरांनी मान डोलावली. मग बोट वर करून म्हणाले, "छान. आता तो पंखा बघ. एवढा जोरात फिरतो, तरी पात्यावर धूळ कशी काय बसली आहे?"

मी पंख्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि म्हणालो, "सर, साफ केला नाही म्हणून."

लॅब असिस्टंट काका हसले. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठला तू?" मी म्हटलं, "लाखनी तालुक्यातला, सर." "म्हणजे घरी धानाची शेती असेल. मग सांग, पाटात गवत वाढलं की शेवटच्या बांधीपर्यंत पाणी का पोचत नाही?"

यावर मला काहीच बोलता आलं नाही. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. आमच्या गावच्या पाटावरची शेवटची बांधी आमचीच आहे. त्या पाण्यापायी माझे बाबा आणि त्यांचा लहानपणापासूनचा मित्र दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि त्याचं कारण ज्या धड्यात होतं तो धडा मला तोंडपाठ होता!

मित्रांनो, त्या २५ पैकी ११ मार्कांनी मला जे शिकवलं ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी व्हायवाच्या आधी वाचावा. बाकीच्यांनी मेसच्या रांगेत उभं राहून वाचला तरी चालेल.

पंख्यावरची धूळ

सुरुवात पंख्यापासून करू. द्रव असो की वायू, तो ज्या पृष्ठभागाला टेकलेला असतो तिथे त्याचा त्या पृष्ठभागाच्या तुलनेतला वेग शून्य असतो. याला आपण नो-स्लिप म्हणतो. पात्याला टेकलेली हवा पात्यावरून घसरत नाही, पात्याबरोबरच फिरते. तिच्या वरचा थर थोडा घसरतो, त्याच्या वरचा आणखी थोडा. असं करत करत काही अंतरावर हवेला पात्याचा पत्ताच लागत नाही. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतची ही जी चढण आहे, तोच बाउंडरी लेयर. मराठी पुस्तकांत याला सीमास्तर म्हणतात. पण आपल्या लॅबमध्ये सगळे बाउंडरी लेयरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

आता थोडे आकडे. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेतो असं धरा. मध्यापासून अर्ध्या मीटरवर पात्याचा वेग सेकंदाला साधारण १५.७ मीटर, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर येतो. आपल्या भंडारा-तुमसर एस.टी.सारखाच समजा. पात्याची रुंदी १२ सें.मी. धरली आणि प्रवाह लॅमिनर मानला, तर पुस्तकातल्या सूत्राने थराची जाडी निघते पावणेदोन मिलीमीटर. धुळीचा कण असतो दहा-वीस मायक्रॉनचा, म्हणजे थराच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढा. त्या उंचीवर हवेचा वेग सेकंदाला फक्त पंधरा ते तीस सेंटिमीटर राहतो. ताशी ५६ किलोमीटरचं वादळ डोक्यावरून चाललेलं आणि कण खाली आरामात बसलेला! एकदा चिकटला की त्याला उडवून लावायला तिथे वाराच नाही. म्हणून पंखा कितीही जोरात फिरवा, धूळ उडत नाही. ओल्या फडक्याने पुसली तरच जाते. मोटारसायकल पळवली की धूळ उडून जाईल असं समजणाऱ्या माझ्या रूममेटनेही हे ध्यानात घ्यावं.

दहा मिनिटांचा पेपर

ही कल्पना कुठून आली तेही बघण्यासारखं आहे. अठराव्या शतकात दालांबेर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने घर्षण नसलेल्या आदर्श द्रवाचं गणित मांडलं, आणि उत्तर आलं की त्यात बुडालेल्या वस्तूवर प्रवाहाचा काहीच जोर लागत नाही. शून्य! नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला कुणीही सांगेल की हे खोटं आहे. पण गणितात चूक सापडत नव्हती. दुसऱ्या बाजूने, चिकटपणा म्हणजे व्हिस्कॉसिटी धरून मांडलेली नेव्हिए-स्टोक्स समीकरणं होती, पण ती इतकी किचकट की बहुतेक ठिकाणी सुटतच नसत. पाणी आणि हवा यांची व्हिस्कॉसिटी इतकी कमी, की ती सोडून द्यावीशी वाटायची. आणि सोडली की उत्तर चुकायचं.

ही गाठ सोडवली लुडविग प्रांटल या २९ वर्षांच्या जर्मन प्राध्यापकाने. ऑगस्ट १९०४ मध्ये हायडलबर्गला गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे त्याने दहा मिनिटांचा पेपर वाचला. सांगितलं एवढंच की प्रवाहाचे दोन भाग करा. पृष्ठभागापासून दूर व्हिस्कॉसिटी खुशाल विसरा. पण पृष्ठभागाला लागून एक पातळ थर असतो, तिथे वेग इतक्या थोड्या अंतरात बदलतो की व्हिस्कॉसिटी कितीही कमी असली तरी तिचा परिणाम मोठा होतो. सगळं घर्षण तिथेच असतं आणि प्रवाह कधी सुटणार तेही तिथेच ठरतं. छापील पेपर मोजून आठ पानांचा होता. आपली जर्नलंसुद्धा त्याहून जाड असतात.

मला विशेष आवडलेली गोष्ट म्हणजे प्रांटलचं उपकरण. पाण्याची एक छोटी कालवी, तिला चाक, आणि चाक हाताने फिरवायचं! पाण्यात खनिजाची चमकणारी बारीक चूर टाकायची म्हणजे प्रवाह डोळ्यांना दिसतो. आपल्या लॅबमधला पंप बंद पडला की आपण प्रॅक्टिकल रद्द झालं म्हणून नाचतो, आणि या गड्याने हाताने चाक फिरवून विमानशास्त्राचा पाया घातला.

यात एक भारतीय नावही घ्यायलाच हवं. या थराचं घर्षण प्रत्यक्ष मोजायचं कसं? पृष्ठभागाचा एक छोटा तुकडा सुटा ठेवायचा आणि प्रवाह त्याला किती ओढतो ते सरळ मोजायचं. अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये १९५१ साली पीएच.डी. मिळवताना सतीश धवन यांनी हेच काम केलं होतं. पुढे ते इस्रोचे अध्यक्ष झाले. श्रीहरिकोटाच्या अवकाश केंद्राला आज त्यांचंच नाव आहे. इस्रोचे धवन आपल्याला माहीत असतात, पण बाउंडरी लेयरचे धवन मला व्हायवात नापास होता होता वाचल्यावर कळले.

माडगीचा डोंगा

पंखा कळला, पण पाण्याचं काय? सप्टेंबरमध्ये पाऊस उघडून आठ-दहा दिवस झाल्यावर आम्ही चौघं एका रविवारी माडगीला गेलो. तुमसर तालुक्यातलं हे गाव तुम्हाला माहीतच असेल. वैनगंगेच्या पात्रात खडकावर नृसिंहाचं देऊळ आहे आणि जवळूनच मुंबई-हावडा रेल्वेचा पूल जातो. नदीवर एक ढिवर काका डोंगा घेऊन होते. प्रवाहाच्या उलट दिशेला एक किलोमीटरभर नेऊन आणायचं ठरलं.

आम्हाला वाटलं, डोंगा सरळ मधून जाईल. काकांनी मात्र तो काठाला इतका चिकटवून चालवला की आमच्या डोक्याला झुडपं लागत होती. मी विचारलं, "काका, मधातून का नाही नेत?"

ते म्हणाले, "मधात जासान त एक हात पुढं अन् दोन हात मांगं. वर जाचं असन त काठानंच जाचं. काठाले पानी थकलेलं रायते."

काठाला पाणी थकलेलं राहतं! आमच्या पुस्तकात हे सांगायला दीड पान लागलं आहे. नदीला दोन्ही काठ आणि तळ अशा तीन बाजूंनी जमीन चिकटलेली असते. तिथे पाण्याचा वेग शून्य. जसजसं मध्याकडे आणि वर जावं, तसा वेग वाढत जातो. पंख्यावर हा थर मिलीमीटरचा होता. नदी शेकडो किलोमीटर वाहत आलेली असते, त्यामुळे तिचा थर वाढत वाढत पार वरच्या पाण्यापर्यंत पोचलेला असतो. नदीला बाउंडरी लेयर असतो असं म्हणण्यापेक्षा नदी म्हणजेच बाउंडरी लेयर असं म्हटलं तरी चालेल.

काकांचा फायदा किती होता तो हिशोब आम्ही डोंग्यातच केला. समजा मधली धार सेकंदाला १.२ मीटर आहे आणि काठाचं पाणी ०.४ मीटर. काका डोंगा पाण्याच्या तुलनेत १.४ मीटरने ढकलतात. मधून गेले तर सेकंदाला ०.२ मीटर पुढे सरकतील आणि एक किलोमीटरला सव्वा तासाच्या वर लागेल. काठाने गेले तर सेकंदाला एक मीटर, म्हणजे सतरा मिनिटांत काम. ताकद तीच, माणूस तोच. येताना काकांनी डोंगा सरळ मधल्या धारेत घातला आणि बसून विडी पेटवली.

उतरल्यावर आमच्यातला एक जण शर्ट काढायला लागला. पाणी शांत दिसत होतं, कमरेएवढंच होतं. काका ओरडले, "बाबू, थांब! ज्याले पोवता येत नाई तो काठालेच रायते. ज्याले येते तोच जाते धारेत."

होस्टेलच्या मित्रांनो, हा परिच्छेद हसण्यावारी नेऊ नका. काठावरून पाणी शांत दिसतं, कारण आपण थराच्या थकलेल्या भागात उभे असतो. चार-पाच पावलं आत गेलं की वेग तिप्पट होऊ शकतो. पाण्याचा अंगावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग तिप्पट, तर जोर नऊपट. तळ निसरडा असेल तर पाय सुटायला तेवढं पुरे. आणि पोहून किती पोहाल? शंभर मीटर फ्रीस्टाइलचा जगातला सर्वात वेगवान जलतरणपटूसुद्धा सेकंदाला दोन मीटरच्या थोडाच वर जातो. आपल्यासारख्याला एक मीटर टिकवणंही कठीण. त्या दिवशी आमच्या मित्राने शर्ट परत घातला. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की पाणी शांत आहे, तर त्याला विचारा, काठाचं की मधलं?

थर सुटतो तेव्हा

देवळाच्या खडकाजवळ आणखी एक गोष्ट बघितली. खडकाच्या पुढच्या बाजूला पाणी येऊन दुभंगतं, कडेने निघून जातं, आणि मागच्या बाजूला भोवरे घालत उलटं फिरतं. खडकाच्या मागे पडलेलं एक पान धारेच्या उलट, खडकाकडे येताना आम्ही बघितलं. हेच सेपरेशन. खडकाचा सर्वात रुंद भाग ओलांडला की पुढे दाब वाढत जातो. मधल्या पाण्याकडे गती असते, ते त्या दाबाविरुद्ध पुढे जातं. पण कडेचं पाणी आधीच थकलेलं. त्याला ही चढण चढवत नाही. ते थांबतं, मागे फिरतं, आणि अख्खा थर पृष्ठभाग सोडून बाहेर पडतो. मागे भोवऱ्यांचा कमी दाबाचा पट्टा राहतो, आणि पुढचा दाब जास्त, मागचा कमी म्हणून वस्तूवर मोठा जोर लागतो. दालांबेरचं शून्य उत्तर चुकत होतं ते इथे.

गंमत म्हणजे थर खवळलेला, म्हणजे टर्ब्युलंट असला तर तो उशिरा सुटतो. कारण भोवरे वरची ताजी गती खाली आणून कडेच्या पाण्याला देत राहतात. गॉल्फच्या चेंडूला खळगे असतात ते यासाठी. आणि आपल्या ग्राउंडवरच्या क्रिकेटचंही तेच आहे. नव्या चेंडूची शिवण तिरकी धरून टाकली की शिवणीच्या बाजूचा थर खवळतो आणि उशिरा सुटतो. दुसऱ्या गुळगुळीत बाजूचा थर लवकर सुटतो. मागची हवा एका बाजूला वळते आणि चेंडू शिवण ज्या दिशेला वळलेली आहे तिकडे स्विंग होतो. फलंदाज आउट, आणि श्रेय सगळं मनगटाला!

रेल्वेपुलाच्या खांबांपाशी मात्र हाच थर धोक्याचा. वरचं पाणी वेगात, तळाचं हळू. खांबावर आदळल्यावर वरच्या पाण्याचा दाब जास्त, खालच्याचा कमी. त्यामुळे खांबाच्या पुढच्या अंगाने पाणी खाली डुबकी मारतं आणि तळाची वाळू उकरतं. मग घोड्याच्या नालासारखा भोवरा खांबाच्या दोन्ही बाजूंनी ती वाळू घेऊन जातो. पुरात हा खड्डा मोठा होतो आणि पूर ओसरताना पुष्कळदा परत वाळूने भरतो. म्हणून वरून बघणाऱ्याला तो कळत नाही. पुलांचे पाये इतके खोल का नेतात, हा प्रश्न सिव्हिलवाल्यांना व्हायवात हमखास असतो. उत्तर या थरात आहे.

०.६ कुठून आला?

पावसाळ्यात आपण बातम्या ऐकतो, गोसीखुर्दच्या ३३ पैकी इतके दरवाजे उघडले, नदीत इतकं पाणी येत आहे. वाहती नदी मोजतात कशी? करंट मीटर नावाचं यंत्र पाण्यात सोडतात. त्याच्या वाट्या किंवा पंखा किती फेरे घेतो त्यावरून वेग कळतो. पण नदीत प्रत्येक खोलीवर वेग वेगळा, मग मीटर कुठे धरायचा? नियम असा की एकाच ठिकाणी मोजायचं असेल तर वरून ०.६ खोलीवर. दोन ठिकाणी मोजता आलं तर ०.२ आणि ०.८ खोलीवर मोजून सरासरी घ्यायची.

हा ०.६ आम्ही दोन वर्षं नुसता पाठ केला होता. खरं तर तो दोन ओळींत निघतो. नदीतला वेग तळापासूनच्या उंचीच्या लॉगच्या प्रमाणात वाढतो. त्याची तळापासून वरपर्यंत सरासरी काढली, तर ती ज्या उंचीवरच्या वेगाएवढी येते ती उंची म्हणजे एकूण खोली भागिले ई, म्हणजे खोलीच्या ०.३७ पट. तळापासून ०.३७, म्हणजे वरून ०.६३. झाला आपला ०.६! स्वतः करून बघा, पाच मिनिटं लागतात. त्यातूनच हेही कळतं की वरचं पाणी सरासरीपेक्षा जास्त वेगाने जातं. म्हणून पाण्यावर तरंगणारी वस्तू सोडून वेग मोजला, तर त्याला साधारण ०.८५ ने गुणायचं. ही युक्ती मला पुढच्याच महिन्यात कामाला आली.

शेवटची बांधी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने खपून बांधलेले आणि मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले तलाव आपल्याकडे गावोगावी आहेत. आमच्याही गावात एक मामा तलाव आहे. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दगा देतो आणि भारी धान तेव्हाच निसवत असतो. त्या आठ-दहा दिवसांत बांधीत पाणी नसलं तर लोंबी भरत नाही, पळंज निघते. तेव्हा तलावाचं पाणी सोडतात आणि पाटाने पाळीपाळीने घेतात. आमची पाळी शेवटची आणि बांधीही शेवटची.

दोन वर्षं आमच्या पाळीला पाणी आलं ते करंगळीएवढं. वर बाबांच्या मित्राची बांधी. त्यांच्या धुऱ्याला पाटाचं जे तोंड आहे त्यातून आमच्या पाळीतही पाणी जायचं, बुजवलं तरी वरून ओसंडायचं. बाबांना वाटलं, हे रात्री तोंड मोठं करतात. एका रात्री दोघांची पाटावर गाठ पडली, शब्दाला शब्द लागला, आणि तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी एक जण दुसऱ्या पंगतीला बसायचा.

यंदा ऑक्टोबरमध्ये घरी गेलो तेव्हा मी पाटाच्या कडेने चालत गेलो. मधल्या सहा-सातशे मीटरमध्ये पाट दिसतच नव्हता, नुसतं गवत आणि बेशरमाची झाडं. मला व्हायवाचे सर आठवले.

गुळगुळीत पाटात पाण्याचा जो अगदी तळाला चिकटलेला संथ थर असतो, तो अशा वेगांना पाव मिलीमीटरच्याही आत असतो. तळाचा खडबडीतपणा त्यात बुडून राहिला तर वरच्या पाण्याला तो जाणवत नाही. पण इथे गवत गुडघ्याएवढं. गवताची प्रत्येक काडी म्हणजे एक छोटा खांब. तिच्यावर थर, तिच्यामागे सेपरेशन, तिच्यामागे भोवरा. पाण्याची सगळी गती या भोवऱ्यांत खर्च होते. जो थर केसाएवढा असायला हवा तो वीतभर जाडीचा झालेला असतो, आणि पाटाची अर्धी जागा थकलेल्या पाण्याने भरलेली असते. मॅनिंगच्या सूत्रात या सगळ्याला एकच अक्षर आहे, एन. साफ मातीच्या पाटाला तो ०.०२५ च्या आसपास घेतात. झुडपं माजलेल्या पाटाला ०.०५ किंवा त्याहूनही जास्त. एन दुप्पट झाला की तेवढ्याच खोलीत पाणी निम्मं जातं.

पण तलावातून तर तेवढंच पाणी सुटतं. मग ते काय करतं? वर चढतं. मी काठी बुडवून बघितलं. गवताच्या वरच्या अंगाला पाणी दीड फूट होतं. पाट साफ असता तर हिशोबाने ते फूटभरच असतं. आणि बाबांच्या मित्राचं तोंड नेमकं त्या वरच्या अंगाला! उघड्या तोंडातून जाणारं पाणी उंचीच्या दीडव्या घाताने वाढतं. एका फुटाच्या जागी दीड फूट पाणी झालं, तर त्याच तोंडातून सुमारे १.८ पट पाणी जातं. त्यांनी तोंडाला हातही लावला नसेल, तरी त्यांच्याकडे जास्त आणि आमच्याकडे कमी जाणारच होतं. शिवाय चढलेलं पाणी पाळूवरून ओसंडत होतं आणि झिरपत होतं ते वेगळंच.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाबू, गवत पानी पेते का गा? पानी वरचेच पेतात." शेवटी मी पळसाचं पान घेतलं. पाटाचा वीस मीटरचा एक तुकडा मोजला आणि पान सोडलं. ७५ सेकंद लागले. मग बाबांना आणि शेजारच्या सात-आठ जणांना बांधून घेतलं. विळे, फावडी, कुऱ्हाड घेऊन दोन दिवसांत ते सहाशे मीटर साफ केले. पुढच्या पाळीला त्याच जागी पान सोडलं, ४९ सेकंद. काठी बुडवली, पाणी फुटाच्या आसपास आलं होतं.

इथे हुशार मंडळी विचारतील की एन निम्मा झाला तर वेग दुप्पट व्हायला हवा, दीडपटच कसा झाला? मीही आधी गोंधळलो होतो. उत्तर असं की खोली तीच राहिली असती तर वेग दुप्पट झाला असता. पण वरून सुटणारं पाणी तेवढंच होतं, म्हणून पातळी उतरली, आणि उतरलेल्या पाण्याला तळ जास्त जाणवतो. रुंद पाटाचं गणित केलं तर खोली सुमारे दोन-तृतीयांश होते आणि वेग दीडपट. पळसाच्या पानाने मॅनिंगची लाज राखली. पान वरच्या पाण्याचा वेग दाखवत होतं म्हणून मी दोन्ही आकड्यांना ०.८५ ने गुणलं, पण त्याने गुणोत्तर काही बदलत नाही.

त्या रात्री शेवटच्या बांधीत पाणी आलं. पहाटेपर्यंत घोट्याएवढं झालं. बाबा धुऱ्यावर बसून होते. सगळा दोष गवताचाच होता असं मी म्हणत नाही. दोन वर्षांत कुणी कधीच तोंड मोठं केलं नसेल असं मला छातीठोक सांगता येणार नाही. पण जेवढं भांडण झालं तेवढी चोरी नव्हती, एवढं मात्र मला आकड्यांनी सांगता आलं. दिवाळीत बाबांचे मित्र घरी आले. पाण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. चहा झाला, धानाच्या भावाबद्दल बोलणं झालं. जाताना ते मला म्हणाले, "पुढच्या साली गवत काढाचं असन त मालेबी सांगजो."

शेवटी थोडं

आपल्यापैकी पुष्कळ जण पुढे सिंचन, बांधकाम, जिल्हा परिषद अशा ठिकाणी नोकरीला लागतील. टेबलावर बसून नहरीचं डिझाइन करताना टेबलमधून एन उचलतील, ०.०१८ किंवा ०.०२५, आणि पुढच्या ओळीला जातील. तो आकडा साफ नहरीचा असतो. नहर साफ राहिली नाही तर आपलं उत्तर कागदावर बरोबर आणि शेवटच्या बांधीत चूक ठरतं. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याची लांबी ९९ किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या लांबीच्या शेवटी बसलेल्या शेतकऱ्याला एन म्हणजे काय ते विचारू नका. त्याला ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, फक्त अक्षर माहीत नसतं.

आणि हो, या सेमिस्टरला व्हायवात तेच सर आले तर मी पहिल्यांदा पंखा पुसून ठेवणार आहे.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी